आबांचा पहिला धडा

दुपारचं जेवण उरकून विश्वंभर गुरव मांडवातल्या सतरंजीवर आडवा होतो. डोळा लागतो न लागतो, तोच छातीत शिट्टी वाजायला लागते. दमा जुनाच, त्याच्यापायी दोन वर्षं सनई पेटीत बंद आहे. उद्या लेकीचं, अनुजाचं लग्न. तिनं बजावलंय, सनई वाजली तर बापाची, नाहीतर कुणाचीच नको. डॉक्टरांनी रोज ओढायला पंप दिलाय. पण गुरवांच्या घरात एक अढी बसलेली. ज्या तोंडात सनई धरली त्यात पंप धरायचा, म्हणजे दम संपल्याची कबुलीच. विश्वंभरचे वडील, आबा, चार वर्षांपूर्वी दम्यानं गेले, तेव्हा त्यांच्या उशाखाली न उघडलेला पंप सापडला होता.

मांडवाच्या खांबांपाशी दवाखान्याचे बाक लागलेत. शेजारी आबा बसलेत, स्वच्छ फेटा बांधून. विश्वंभरला नवल वाटत नाही, फार बरं वाटतं. आबांची छाती अगदी शांत आहे.

"पंप घेतलास का?" आबा विचारतात.

"तुम्ही तरी कुठं घेतलासा?"

"न्हाई घेतला. म्हणून तर हिकडं बसलोय."

दोघंही पोट धरून हसतात. बाक संपतो तिथं देवळाच्या नगारखान्याचा जिना सुरू होतो. आबा न थांबता चढतात. जिवंतपणी ते प्रत्येक पायरीवर थांबायचे आणि शेतं बघतोय म्हणायचे. आज स्वतःच कबूल करतात, शेतं कसली, दम घेत होतो, आणि तुझ्या आईला ते ठाऊक होतं.

वर बसल्यावर आबा पंपाची रीत विचारतात. विश्वंभर सांगतो. आधी छाती रिकामी करायची, मग सावकाश आत ओढायचं आणि दहा मोजेपर्यंत धरून ठेवायचं.

आबा कमरेची सनई काढून मांडीवर घेतात.

"सात वर्सांचा हुतास, तवा हितंच बसून मी तुला ह्योच पयला धडा दिला," ते म्हणतात. "सनईवाल्याला ह्यात नवं काय? मला कुणी सांगितलं असतं तर... न्हाई, सांगितलं हुतं. मीच ऐकलं न्हाई. अकडीत शेवटची वर्सं सनईबिगर काढली, पोरा. लई वाईट वाटतं."

विश्वंभरच्या डोळ्यांत पाणी येतं. आबा सनई त्याच्या ओठांशी धरतात. उद्या सगळं जमेलच असं नाही, म्हणतात, अक्षता पडताना एक सूर लागला तरी बास. विश्वंभर फुंकतो. आबा घशातूनच सूर धरतात. श्वास पुरतो, पुरून उरतो.

"आवो, उठा, पाव्हणं आल्यात," बायको शालन त्याला हलवते, आणि त्याच्या तोंडाकडे बघतच राहते. खालच्या ओठावर सनईच्या पत्तीचा वळ उमटलाय, खोल, ताजा. सनईच्या पेटीची किल्ली तर तिच्याच कमरेला आहे.

विश्वंभर वळावरून बोट फिरवतो. मग अनुजाला हाक मारून पंप मागवतो आणि भरल्या मांडवात, पाव्हण्यांच्या देखत, छाती रिकामी करून ओढतो. अनुजा बोटांवर मोजते. दहा होतात.

"झाले, बाबा. सोडा आता."

तो मान हलवतो. गुरवाचा दम आहे, बारापर्यंत जातो.