दोन डॉक्टरांना अर्धं-अर्धं

माझा नवरा बेकरीत भट्टीवर असतो. पाव भाजण्यात यांचा हात धरणारा कोणी नाही, आणि हट्टीपणातही नाही. एचआयव्हीची गोळी मात्र रोज घेतात, एकदाही चुकवत नाहीत. फक्त कुणाला कळता कामा नये. लपवून लपवून ती सवय अशी अंगात मुरली, की काय लपवायचं आणि काय सांगायचं हेच कळेनासं झालं.

खांदा दुखायला लागला तसे हे बेकरीजवळच्या डॉक्टरकडे जाऊ लागले. तिथे एचआयव्हीचं सांगितलं नाही. तो दुखण्याच्या गोळ्या देत राहिला. इकडे एचआयव्हीचा इलाज करणाऱ्या मॅडमनी विचारलं, "दुसरं काही औषध घेता?" तर म्हणे, "छे!" शहाणपणाची कमाल!

मग रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. किडनीवर ताण पडतोय, मॅडम म्हणाल्या. तेव्हा मीच खांद्याच्या गोळ्यांचं सांगून टाकलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. "एचआयव्हीच्या औषधाचा किडनीवर ताण येऊ शकतो, त्यात ही भर! दुखण्याच्या गोळ्या आजपासून बंद. एचआयव्हीच्या मात्र मनाने सोडायच्या नाहीत, बदलायच्या का ते मी बघते. असंच चाललं तर डायलिसिसची वेळ येईल." 

त्याच आठवड्यात डबा घेऊन बेकरीत गेले, तर हे खांदा धरून पिठाच्या पोत्यावर बसलेले. शेजारी मालक, भोवती कारागीर, आणि मालकांनी बोलावलेला तोच बेकरीजवळचा डॉक्टर इंजेक्शनची सुई भरतोय. "हे दिलं की दुखणं पळालंच समजा," तो म्हणाला.

मी यांच्याकडे पाहिलं. अहो, सांगा ना! यांनी बाही वर सरकवली. चारचौघांत अब्रू जाईल, काम जाईल, म्हणून हा माणूस किडनी घालवायला तयार! मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग.

"थांबा!" मी ओरडले. "यांना दुखण्याचं औषध चालत नाही. किडनीला त्रास आहे."

"असं? मग दुसरी कसली औषधं चालू आहेत?" डॉक्टरने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.  ते मी कसं सांगणार? ते गुपित यांचं होतं.

"एचआयव्हीची," हे म्हणाले. आवाज जरासुद्धा कापला नाही.

डॉक्टरने सुई बाजूला ठेवली. मालक मागे सरकले. यांनी ते पाहिलं आणि मान खाली घातली. मी डबा खाली ठेवला आणि त्याच पोत्यावर यांना खेटून बसले.