सुनंदाताई आणि एक चुकलेला कोड

सुनंदाताई आहेर यांची माझी पहिली भेट नाशिक रोडला, आमच्या रुग्णालयातल्या मुलाखतीत झाली. तपासण्यांना आणि आजारांना विम्यासाठी ठरावीक कोड लावायचे, हे आमच्या विभागाचं काम. मी कोर्स करून आले होते, कोड तोंडपाठ होते, आणि तोरा तर विचारूच नका. ताईंनी ओटीपोटाच्या एमआरआयचा एक रिपोर्ट पुढे सरकवला. "कोड राहू द्या. या बाईंना काय त्रास होतोय, ते सांगा." मला सांगता येईना. तरी त्यांनी मला घेतलं. का घेतलं, हे विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

ताईंची एक रीत आहे. डॉक्टरांची चिठ्ठी त्या उलटी ठेवतात आणि आधी रिपोर्ट वाचतात. चिठ्ठीत कॉन्ट्रास्टचं, म्हणजे चित्र स्पष्ट दिसावं म्हणून द्यायच्या औषधाचं, इंजेक्शन लिहिलेलं असतं, पण रुग्णाची किडनी नाजूक निघाली की ते देत नाहीत, आणि मग कोड बदलतो. एका फाइलबद्दल शंका आली, तर ताई स्वतः एमआरआयच्या खोलीपर्यंत विचारायला गेल्या. परत येऊन म्हणाल्या, "सांगितलं होतं ते लिहू नका. झालं ते लिहा." त्यांचं हे वाक्य आम्ही त्यांच्या माघारी नक्कल करून म्हणायचो. मी सगळ्यात जास्त.

आणि चुकले मीच. देवळ्याच्या एक बाई रक्तस्राव थांबेना म्हणून आल्या होत्या. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'कॅन्सरची शंका, खात्री करावी.' एमआरआयमध्ये गर्भाशयातल्या साध्या गाठी दिसल्या. नुसत्या शंकेला आजाराचा कोड लावायचा नसतो, ही आमच्या कामाची बाराखडी. मी घाईत फक्त चिठ्ठी वाचली आणि विम्याच्या अर्जावर कॅन्सरचा कोड टाकला. कोड टाकला की पुढे आजाराचं नाव आपोआप छापलं जातं. ताईंनी माझ्यावर विसंबून सही केली आणि अर्जाची प्रत बाईंच्या हातात पडली.

डॉक्टर गाठी म्हणत होते, कागद कॅन्सर म्हणत होता. बाईंनी कागद खरा मानला. डॉक्टर आपल्याला धीर द्यायला खोटं बोलतात, असं धरून त्यांनी ऑपरेशन नाकारलं आणि अंथरूण धरलं. त्यांच्या दिरांचा फोन आला, तेव्हा आम्हाला हे कळलं.

दुरुस्त केलेला कागद कुरिअरनेही गेला असता. ताई मला घेऊन एसटीने देवळ्याला गेल्या. दारातच बाईंच्या सासूबाईंनी अहिराणीत विचारलं, "ताई, खरं सांग, सूनले कॅन्सर शे का?"

"नही माय. चूक आमनी शे," ताई म्हणाल्या. मग बाईंच्या उशाशी बसून त्यांनी सबंध रिपोर्ट सोप्या शब्दांत वाचून दाखवला. बाईंनी विचारलं, "मग हे कोणी लिहिलं?" ताई म्हणाल्या, "सही माझी आहे. माझंच चुकलं." मी मान खाली घालून बसले.

त्या बाई ऑपरेशनला आल्या आणि बऱ्या होऊन घरी गेल्या. रुग्णालयाने मात्र ताईंना लेखी ताकीद दिली. पुढे विभागप्रमुखपदासाठी त्यांचं नाव निघालं, तेव्हा तीच ताकीद आडवी आली. मी तेव्हाही बोलले नाही. नोकरी जाईल, अशी भीती होती. ताईंनी तो विषय पुन्हा काढला नाही आणि मला शिकवणंही थांबवलं नाही. त्या चांगुलपणाची मला फार लाज वाटत आली आहे.

आज ताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्याबद्दल पुष्कळ चांगलं छापलं जाईल, आणि ते खरंच असेल. त्यांना ठणठणीत प्रकृती आणि भरपूर वर्षं लाभोत, ही माझीही मनापासूनची प्रार्थना. पण ज्या सहकाऱ्यांनी ती ताकीद वाचली, ते सगळे हा ग्रंथही वाचणार आहेत. म्हणून माझ्या नावानिशी लिहिते: तो कोड मी टाकला होता.