गच्चीवर वाळणारा तंबू

नोकरीत शेकडो केसेस हाताखालून गेल्या, बहुतेक विसरलो. ही एक विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही, आणि त्याचं कारण आरोपी नाही, मी आहे.

तेव्हा मी तमिळ मुलखाच्या राजधानीत, गिंडी भागातल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. सोमवारी सकाळची हजेरी चालू असतानाच एक वयस्क बाई आत आल्या. पाटीवरचं माझं नाव वाचून थेट आमच्या जुन्या तंजावरी मराठीत म्हणाल्या, "तुम्ही आपले माणूस की, सार. माझ्या लेकास शोधून आणा. शनिवारी गेला तो आला नाही."

मुलगा तिशीच्या आतला, तिथल्याच एका छोट्या इंजिनिअरिंग कारखान्यात कामाला. डोंगर-नद्या तुडवायचा त्याला भारी नाद. शनिवारी तो आणि कारखान्यातला एक मित्र पाठीवर सॅक टाकून, आंध्रच्या हद्दीतल्या एका नदीच्या घळीत मुक्कामाला गेले होते. दोन-अडीच तासांचा रस्ता, पुढे कड्यांमधून पाण्यातून चालायचं. रविवारी संध्याकाळी मित्र परतला. मुलगा नाही.

मिसिंगची नोंद करून मित्राला बोलावलं. तो तिरुवल्लिकेणीतल्या एका मॅन्शनमध्ये, म्हणजे सड्या पुरुषांच्या भाड्याच्या खोल्यांत राहायचा. जबाब अगदी गुळगुळीत दिला. रविवारी सकाळी तंबू आवरला, चहा प्यालो, निघताना भांडण झालं, तो चिडून आपली सॅक उचलून एकटाच गेला. चिडून गेलेली धडधाकट माणसं दोन दिवसांत भूक लागली की घरी येतात, हा माझा अनुभव. मी निर्धास्त होतो.

खोली बघायला आमच्या उपनिरीक्षक बाईंना पाठवलं. थेट भरतीतली पोर, वय सव्वीस. महिन्यापूर्वीच्या बैठकीत वरिष्ठांनी एका चोरीच्या तपासासाठी सगळ्यांदेखत तिचं तोंड भरून कौतुक केलं होतं. माझी हयात वर्दीत गेली, पण माझ्यासाठी असं कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्या दिवसापासून ती माझ्या डोळ्यांत सलत होती. आता लाज कसली, जळत होतो मी तिच्यावर.

अकराला ती परत आली. "सार, तो खोटं बोलतोय. गच्चीवर तंबू वाळत घातलाय. कापडही आहे आणि काठ्याही."

"मग? ओला तंबू माणूस वाळवणारच."

"ही माणसं ओझं वाटून घेतात, सार. कापड एकाच्या सॅकमध्ये, काठ्या दुसऱ्याच्या. एनसीसीत आम्हीही तेच करायचो. मी त्या अम्मांना फोन करून विचारलं. काठ्या त्यांच्या मुलाच्या सॅकला बांधल्या होत्या. तंबू आवरल्यावर तो आपली सॅक घेऊन निघून गेला, तर काठ्या इथं कशा आल्या? मुलगा त्या घळीतच कुठंतरी पडलाय, सार. आत्ता निघालो तर उजेडात पोचू."

तिचं बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या त्यामुळेच.

"मॅडम, हे पोलीस ठाणं आहे, एनसीसीचा कॅम्प नव्हे," मी म्हणालो. "तिकडे दुसऱ्या राज्याची हद्द आहे. आधी बस स्टँडचं फुटेज तपासा." नियमावर बोट ठेवलं की खालच्या माणसाला तोंड उघडता येत नाही, हे वर्दीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. "येस सार," म्हणून ती गेली.

फुटेजमध्ये चार वाजले. मुलगा कुठेच दिसला नाही. मग मित्राला पुन्हा समोर बसवलं आणि जणू माझ्याच डोक्यातून निघाल्यासारखं विचारलं, "काठ्या कोणाच्या सॅकमध्ये होत्या रे?"

चहा दिला, प्यायला नाही. मग रडायलाच लागला. "तो खडकावरून घसरला, सार. गुडघ्याखाली पाय मोडला. मी मदत आणतो म्हणालो. त्याच्याजवळ पाणी आणि बिस्किटं ठेवली, बाकी सगळं सवयीनं बांधलं आणि निघालो."

"वाटेत गाव लागलं ना? का नाही सांगितलंस?"

"आज परदेशातले पाहुणे कारखान्यात येणार होते. आमच्यातल्या एकाला जर्मनीला नेणार होते. आम्ही एकाच दिवशी कामाला लागलो, सार, पण दर वेळी निवडतात त्यालाच. वाटलं, आजचा दिवस तो नसला म्हणजे झालं. दुपारी सांगणारच होतो. पण सकाळीच तुम्ही बोलावलंत आणि मी घाबरलो. मी ढकललं नाही हो त्याला. फक्त सांगितलं नाही."

मारायला उठलेला माझा हात तसाच खाली आला. अकरापासून चारपर्यंत मी दुसरं काय केलं होतं?

लगेच पलीकडच्या पोलिसांना आणि वनखात्याला फोन केले. पण पथक पोचेपर्यंत अंधार पडेल, अंधारात घळीत माणसं उतरवणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. त्यांचं खरंच होतं. मंगळवारी उजाडताच पथक उतरलं. मुलगा जिवंत सापडला, पण पाय काळानिळा पडला होता. गुडघ्याखाली कापावा लागला. काल संध्याकाळी आणला असता तर वाचवायला बघितलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

मित्राला अटक झाली. केस डायरीत मी लिहिलं, 'माझ्या चौकशीत निष्पन्न झाले.' वरून शाबासकी आली ती मला. उपनिरीक्षक बाईंनी ते पान वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या कामाला लागल्या.

मत्सरी माणूस विष घालतो, सुरा मारतो असं आपण ऐकतो. मीही तपासात तेच शोधायचो. या केसनं शिकवलं की बहुतेक मत्सरी माणसं बोटसुद्धा उचलत नाहीत. ती गप्प बसतात, उशीर करतात, आणि कायद्याच्या पुस्तकात त्यांच्यासाठी पळवाटा भरपूर असतात. पुढे प्रत्येक तपासात मी आधी हेच विचारत आलो, की कोणाला माहीत होतं आणि कोण बोललं नाही.

महिन्याभरानं त्या बाई फळं घेऊन ठाण्यात आल्या. "देवासारखे वेळेवर धावलात, सार," म्हणत माझ्याहून मोठ्या असून पाया पडायला वाकल्या. उपनिरीक्षक शेजारच्या टेबलाशी फाईल चाळत होती. मी पाय मागे घेतले, पण तोंड उघडलं नाही.

आज उघडतो. बाई, मी वेळेवर धावलो नाही. तुमचा लेक कुठं पडलाय हे मला सकाळी अकरालाच कळलं होतं.