मुळापासून पत्ता

आमच्या कारखान्यातला हिशेबाचा मोठा कॉम्प्युटर सांभाळणारे काका आहेत. फाईल सापडत नाही म्हटलं की खेकसतात, "हरवत नाय काही! जुन्या फायलींच्या लायब्ऱ्या, नवे फोल्डर, सगळं एकाच मुळाला लागलंय. मुळापासून वाट सांगा, आधी मोठा फोल्डर, मग त्यातला, शेवटी फाईल." नुसतं नाव सांगणाऱ्याकडं ते बघतसुद्धा नाहीत. मला याचा लई वैताग यायचा.

परवा त्यांना चक्कर आली. डॉक्टरनं तपासून घरी पाठवलं. मी त्यांना रिक्षात बसवलं, पण ते डोळेच उघडेनात. माझा जीव खालीवर.

रिक्षावाल्यानं विचारलं, "काका, कहां जाना?"

काका पुटपुटले, "भारत... महाराष्ट्र... मराठवाडा..."

रिक्षावाला घाबरला. "साब, दिमाग पे असर हुआ दिखरा."

"नाही हो," मी निवांत मागं टेकलो, "आत्ता शुद्धीवर आले. थांबा, गल्लीपर्यंत येतीलच."