भावजींची पदवी आणि माझी मशेरी

माझ्या दिराची युनिव्हर्सिटीची पदवी माझ्या दातांमुळे जाणार होती. तोंडात एकूण बत्तीस होते, पण गुन्हा फक्त पुढच्या आठांचा!

शंकरभावजी मॅट्रिक झाले तेव्हा महाराजांचं राज्य होतं आणि कोल्हापुरात शिक्षणाचं वारं सुटलं होतं. ज्याच्या त्याच्या घरचा मुलगा वकील नाहीतर मास्तर व्हायला निघालेला. आमची शाहूपुरीत गुळाची पेढी. मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, सगळा जीव त्या पेढीत. धाकट्यानं गादीवर बसावं आणि गूळ पारखायला शिकावं, एवढीच त्यांची इच्छा. ते स्वतः ढेपेपेक्षा शेतकऱ्याचा हात आधी बघायचे. "तोंडानं काय बी सांगू दे त्यो," असं दोन्ही मुलांना शिकवायचे, "बोटं बघायची. गुळात काय काय घातलंय त्ये बोटास्नी चिकटलेलं असतंय."

भावजींना मात्र दातांचं वेड. बारा वर्षांचे असताना एका वैदूनं त्यांची दुखरी दाढ सोडून शेजारची उपटली होती. चूक दाखवल्यावर तो म्हणाला, "ती बी पुढं दुखणारच हुती की!" तेव्हापासून भावजींनी ठरवलं, की निदान गल्लीतल्या माणसांच्या तरी योग्य त्याच दाढा उपटल्या गेल्या पाहिजेत. पुढे त्यांना कळलं की मुंबईला दातांची निगा राखण्याचं शास्त्र शिकवणारा वर्ग निघालाय, आणि शेवटी पदवीही मिळते. मग तर दाढ न उपटताच वाचवायची, असा त्यांचा बेत झाला.

"गुळाचा व्यापारी आन पोरगं दातांचं डाक्तर!" मामंजी म्हणाले. "म्या गूळ इकून गावाचे दात किडवायचे आन तू ते दुरुस्त करायचे. लोक म्हनतील, बाप-ल्योक मिळून ठरवून चाललंय."

"आबा, एक डाव बघू तर द्या!"

"बघ. घेतला तर जा. न्हाय घेतला तर सोमवारपासनं पेढीवर. पुन्यांदा दातांचं नाव काढायचं न्हाय."

पण त्या वर्गात शिरणं सोपं नव्हतं. मुंबईहून पत्र आलं. त्यातली अट अशी, की उमेदवारानं घरातलं एक मोठं माणूस निवडावं, तीन महिने त्याच्या दातांची निगा राखावी, आणि रोजची नोंद वहीत करावी. मग वर्गाचे डॉक्टर स्वतः येऊन वही बघणार आणि ते तोंडही बघणार.

आता तोंड कुणाचं? मामंजींना पान सुटेना. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, चारच दात, आणि ते एकमेकांपासून इतके लांब की त्यांची नोंद चार वह्यांत करावी लागली असती. आमच्या ह्यांनी तर पत्र ऐकताच तोंड मिटलं ते जेवणापुरतंच उघडलं. उरले मी. मी व्यवहारी बाई. म्हटलं, "माझं घ्या. दात धडधाकट आहेत. रंगानं काळे आहेत एवढंच."

काळे होते मशेरीनं. तंबाखू तव्यावर कोळसा होईस्तोवर भाजायची, कुटायची, आणि तर्जनीनं दातांना चोळत बसायचं. दुपारची भांडी उरकली की शेजारच्या बानूबीच्या कट्ट्यावर गल्लीतल्या आम्ही सात-आठ जणी जमायचो. बानूबीचा नवरा कल्हईवाला. त्याच्या भट्टीवर तिची मशेरी अशी काही भाजली जायची की साऱ्या कोल्हापुरात तोड नव्हती. तोंडात बोट घालून तास-दीड तास बसायचं. (बोट तोंडात असताना बोलता येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या गल्लीतल्या बायका पाहिलेल्या नाहीत.)

"वैनी, पहिली गोष्ट, मशेरी बंद," भावजी म्हणाले.

"बंद," मी म्हटलं. बोलायला काय जातंय!

भावजींनी मुंबईहून दात घासायचा ब्रश मागवला होता. तो डुकराच्या केसांचा आहे हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, आणि आत्याबाईंनी "शिव शिव!" म्हणत आणि बानूबीनं "तोबा तोबा!" म्हणत एकाच वेळी कानांना हात लावले. ब्रश गेला उकिरड्यावर. मग खडूची पूड, मीठ आणि कडुलिंबाची काडी असं ठरलं. रोज संध्याकाळी बाहेरून आले की भावजी मला ओसरीवर उजेडात बसवायचे.

"वैनी, आज मशेरी?"

"न्हाय."

"आ करा. बरं. आता हात पुढं करा." मग माझ्या उजव्या तळव्यावर ते पूड घालायचे, खाली मान घालून वहीत काहीतरी लिहायचे, आणि मी दात घासायचे. किती गुणाचा मुलगा, असं मला रोज वाटायचं.

पहिले नऊ दिवस मी शब्द पाळला. त्या नऊ दिवसांत मी दोन तांबे आपटले, दुधात मीठ घातलं आणि आत्याबाईंना इतकी तोडून बोलले की त्या माहेरी जायचं म्हणू लागल्या. (वय साठ!) दहाव्या दिवशी दुपारी मी बानूबीच्या कट्ट्यावरून नुसती जात होते.

"आक्का, बस की जरा," बानूबी म्हणाली.

"नको गं. भावजींच्या शिक्षणाचा प्रश्न हाय."

"शिक्षण संध्याकाळचं हाय न्हवं? आता तर दुपार हाय."

हे बोलणं मला इतकं पटलं की मी बसलेच.

मग रोजचा क्रम ठरला. दुपारी मशेरी, आणि भावजी यायच्या आत चोरी पुसायची. चुलीतली राख, मीठ, लिंबाची फोड, पुन्हा राख, पुन्हा मीठ. कल्हईवाला भांडी घासतो त्या त्वेषानं मी दात घासायचे. मग संध्याकाळी भावजींच्या देखत शहाण्यासारखी आणखी एकदा. परिणाम असा झाला की दोन महिन्यांत माझ्या दातांवरचे जुने डागसुद्धा निघाले आणि दात पांढरेशुभ्र झाले! आत्याबाई लोकांना हाक मारून दाखवू लागल्या. मला वाटलं, सगळ्यांचंच भलं होतंय. भावजींना दात मिळाले, मला मशेरी मिळाली. ह्यात खोटं ते काय?

डॉक्टर येणार होते गुरुवारी संध्याकाळी चार वाजता. मी सगळं आखून ठेवलं. बारा ते एक मशेरी, एक ते दोन घासणं, दोनला नवं लुगडं.

साडेबाराला गल्लीत टांगा शिरला.

डॉक्टरांना संध्याकाळी राजवाड्यावर बोलावणं आलं होतं, म्हणून ते आमच्याकडे आधीच निघाले होते. मी बानूबीच्या कट्ट्यावर, बोट तोंडात, गालात मशेरी ऐन रंगात आलेली. टांग्यातून पांढऱ्या सुटातले डॉक्टर उतरले आणि मागून त्यांना आणायला गेलेले भावजी. भावजींचा चेहरा त्यांच्या टोपीइतकाच पांढरा.

कट्ट्यावरच्या सात बायकांनी एका झटक्यात तोंडांवर पदर घेतले. डॉक्टरांना वाटलं, कोल्हापुरात पाहुण्याचं स्वागत असंच करतात. त्यांनी वाकून नमस्कार केला.

"ह्या माझ्या वैनी," भावजी म्हणाले.

"वा! नमस्कार. कसे आहेत दात?" डॉक्टर म्हणाले.

थुंकावं तर पाहुण्याच्या पुढ्यात, आणि तेही काळं! बोलावं तर तोंडातून पुरावा बाहेर. मी नुसती मान हलवली.

"बोलत का नाहीत?"

"त्यांचं मौन हाय आज," बानूबी ताडकन म्हणाली. "बिस्तरवार हाय न्हवं! त्यांच्यात असतंय."

आमच्या गुरुवारच्या व्रतवैकल्यांची माहिती बानूबी देतेय, हे ऐकून डॉक्टर थोडे चक्रावले. तेवढ्यात आमच्या दारातून आत्याबाई बाहेर आल्या. "या पावणं, या! मौन? कसलं मौन? सक्काळपासनं मला दहा डाव बोलून झालंय तिचं!"

मी डोळ्यांनी आत्याबाईंना विनवलं. त्यांना वाटलं मी डोळे वटारतेय. "बघा, बघा, आता डोळं दाखवतीया!"

आता एकच वाट उरली होती. मी सगळी मशेरी गिळली.

ज्यांनी मशेरी कधी गिळलेली नाही त्यांना सांगते, गिळू नका. आधी बानूबीचा कट्टा फिरला. मग टांगा फिरला. मग टांग्याचा घोडा माझ्याकडे बघून हसला, हे मी आजही शपथेवर सांगेन. आणि मग उचकी लागली. पहिली उचकी मी पदरात दाबली. दुसरी दाबायला गेले तेव्हा डॉक्टर काळजीनं पुढे वाकले होते.

त्यांच्या पांढऱ्या सुटावर काळे शिंतोडे उडाले. छातीपासून गुडघ्यापर्यंत!

पेढीवरून मामंजी घरी येत होते, तेही जागच्या जागी उभे राहिले. डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला, सूट पुसला, रुमाल हुंगला.

"तंबाखू," ते म्हणाले. "वहीत काय लिहिलंय शंकरराव? मशेरी बंद असं लिहिलंय ना?"

भावजी बगलेतली वही काढू लागले. मामंजी मागून म्हणाले, "जाऊ दे पोरा. सोमवारी पेढीवर ये."

त्या मुलानं तीन महिने माझ्या तोंडात बघितलं होतं. सणालासुद्धा पूड चुकवली नव्हती. आणि मी एका बोटभर मशेरीसाठी त्याला गुळाच्या ढेपांत पुरलं होतं.

"पावणं," मी उचकी देत म्हटलं, "दोष माझा हाय. भावजींनी रोज इचारलं, आन म्या रोज खोटं सांगितलं. ह्यांना काडीचं ठावं न्हाय. ह्यांना घ्या तुमच्या वर्गात. म्या पाया पडते."

"ह्यांना माहीत नव्हतं?" डॉक्टर म्हणाले. "मग तर पंचाईतच आहे. समोरच्या तोंडातली तंबाखू ज्याला तीन महिने कळली नाही, त्याला घेऊन मी काय करू?"

म्हणजे मी वाचवायला गेले आणि उरलंसुरलंही बुडवलं!

भावजींनी मान खाली घालून वही पुढे केली. डॉक्टरांनी पहिली पानं उलटली, मग थांबले, आणि मोठ्यानं वाचू लागले.

"'दिवस दहावा. वैनी म्हणाल्या, मशेरी नाही. उजव्या तर्जनीच्या नखात काळं. मशेरी आहे.'"

मी तर्जनी मुठीत लपवली. आता लपवून काय उपयोग!

"'दिवस अकरावा. वैनी म्हणाल्या, नाही. नख म्हणतं, आहे. दात मात्र कालच्यापेक्षा स्वच्छ. कारण, चोरी लपवायला राख लावून घासतात. दिवस पंधरावा. हिरड्यांतून येणारं रक्त थांबलं. मशेरी चालू. चोरी पकडू नये. पकडली तर घासणं सोडतील.'"

तीन महिने! तीन महिने रोज संध्याकाळी मी ऐटीत हात पुढे करत होते, आणि हा गुणाचा मुलगा पूड घालायच्या निमित्तानं माझं नख वाचत होता!

"चूळ भरा," डॉक्टर मला म्हणाले. बानूबीनं तांब्या आणला. मी चार चुळा भरल्या आणि जन्मात पहिल्यांदा काही न बोलता तोंड उघडलं. डॉक्टरांनी छोटा आरसा आत घातला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"दात उत्तम," ते म्हणाले. "बाई लबाड." आणि मग त्या ठिपक्याठिपक्यांच्या सुटात ते इतके हसले की त्यांना बानूबीच्या कट्ट्यावरच बसावं लागलं. "शंकरराव, रोगी आमच्याशी खोटंच बोलतात. ते कसं ओळखायचं हे मी दोन वर्षं शिकवतो. तुम्हाला कुणी शिकवलं?"

भावजी काही बोलायच्या आत मामंजी पुढे झाले. छाती अशी फुगलेली की बाराबंदीचे बंद ताणले. "म्या शिकवलं! बोटं बघायची! आमच्या पेढीवरची इद्या हाय ही, डाक्तर!" आणि सोमवारी पेढीवर बसायचा मुलगा सोमवारी मुंबईच्या गाडीत बसला. बरोबर मामंजींनी डॉक्टरांसाठी गुळाची आख्खी ढेप बांधून दिली. (दातांच्या डॉक्टरांना गूळ! पण मला बोलायला तोंड होतं कुठं?)

डॉक्टरांनी ती वही ठेवून घेतली. नव्या मुलांना ती दरवर्षी वाचून दाखवतात म्हणे. म्हणजे आमच्या घराण्याचं नाव त्या वर्गात भावजींमुळे नाही, माझ्यामुळे चाललंय.

भावजी पदवी घेऊन आले आणि पेढीच्या माडीवर त्यांनी दवाखाना काढला. आज इतकी वर्षं झाली, मी पंचेचाळिशीला आले, तरी दर रविवारी घरी आले की ते मला ओसरीवर बसवतात.

"वैनी, मशेरी?"

"न्हाय!" मी ठणकावून सांगते आणि उजवा हात पुढे करते. नख कसं लख्ख! असणारच. त्या दिवसापासून मी डावं बोट वापरते.

गेल्या रविवारी भावजींनी माझा उजवा हात नीट न्याहाळला, मान डोलावली, चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "छान. आता डावा."