तिची भीती गेली त्या वर्षी

माझ्या बायकोला गर्दीची भीती वाटायची, बंद खोलीची वाटायची आणि मोकळ्या रस्त्याचीही वाटायची. मग उरलं काय, असं विचाराल. उरलो मी. मी सोबत असलो की ती कुठेही यायची. मी नसलो की फाटकापर्यंतसुद्धा नाही.

ती अमरावतीकडची, लग्न होऊन जबलपूरला आली. मी इथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, माझे वडीलही फॅक्टरीतच. फॅक्टरी एस्टेटच्या क्वार्टरमध्ये माझं सगळं लहानपण गेलं. आमच्याकडे तोफेचे गोळे उडवून तपासतात, त्याचे धमाके पार लांबपर्यंत ऐकू येतात. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. खिडकीची काच थरथरली तर थरथरली. ती मात्र पहिल्यांदा तो आवाज ऐकून दाराची चौकट धरून उभी राहिली आणि मी घरी येईस्तोवर तशीच उभी होती म्हणे. मग मी आदल्या दिवशीच तिला सांगायला लागलो, की उद्या आवाज होणार आहेत, घाबरू नको. नवरेपणाचं ते माझं पहिलं काम, आणि मी ते बरीच वर्षं इमानदारीनं केलं.

खरं दुखणं सुरू झालं ते बड्या फुहाऱ्याच्या बाजारात. दिवाळीची खरेदी होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानदार साड्यांवर साड्या उलगडत होता आणि एकाएकी तिनं माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार. म्हणाली, मी मरून राहिली. मला वाटलं हार्ट अटॅक. तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, छातीला पट्ट्या लावून ईसीजीचा कागद काढला, कागद एकदम स्वच्छ. असं त्यानंतर कितीदा झालं! दर वेळी कागद स्वच्छ आणि दर वेळी ती मरायला टेकलेली. नातेवाईक म्हणायचे, मूलबाळ नाही म्हणून मनाला लावून घेते. डोंबल त्यांचं! त्यांना काय ठाऊक ती रात्रंदिवस कशाशी झगडत होती.

मी तिला सांभाळलं. हे मी फुशारकीनं सांगत नाही, पण सांभाळलं. भाजी मी आणायचो, बँकेत मी जायचो, लग्नाकार्याला गेलो तर पंगतीत तिच्या शेजारी बसायचो, पंगत बायकांची असली तरी. लोक हसले तर हसू देत. रस्त्यानं चालताना माझा उजवा कोपर तिच्या हातात असायचा. आमच्याकडे तसे पहिल्या वर्षाचेसुद्धा नवरा-बायको चालत नाहीत, पण आम्ही पन्नाशीच्या उंबरठ्यावर तसे चालायचो. मला ते आवडायचं. काय खोटं सांगू?

शेवटी एक डॉक्टरीणबाई भेटल्या. वयानं लहान, पण समजदार. त्यांनी गोळी दिली ती दिलीच, वर म्हणाल्या की यांना पळवा. मला वाटलं थट्टा करून राहिल्या. त्यांनी नीट समजावलं. हिला भीती कशाची, तर छातीत धडधड झाली की आता आपण संपलो, याची. तर ती धडधड हिनं रोज स्वतःहून आणायची. जोरात चालून, पळून, घाम काढून. मग थांबायचं आणि बघायचं, ती आपोआप उतरते. रोज चढते, रोज उतरते, आणि माणूस मरत नाही. शरीराला हे एकदा पटलं की पुढचं सोपं. मला ते एकदम पटलं. आम्ही फॅक्टरीतली माणसं, वस्तू दाबून, तापवून बघितल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवत नाही.

एस्टेटच्या ग्राउंडवर सकाळी जायला लागलो. सुरुवातीला माझा कोपर धरूनच चालायची. मग भरभर. मग मी म्हटलं, चल, त्या कडुनिंबापर्यंत पळू, आणि आम्ही दोघं पळालो. ती पदर खोचून, मी पोट सांभाळून. कडुनिंबाशी ती छातीवर हात ठेवून उभी राहिली, डोळे विस्फारलेले. मी म्हणत राहिलो, बघ, उतरतंय बघ, उतरतंय. आणि उतरलं. ती रडली. मीही थोडा रडलो, पण घाम पुसतोय असं दाखवून.

माझे गुडघे लवकरच बोलायला लागले. मग मी बाकावर बसायचो आणि ती एकटी फेरी मारायची. ग्राउंडच्या पलीकडे पाण्याची टाकी आहे, तिच्या मागे गेली की थोडा वेळ दिसायची नाही. तेवढ्यात तिला काही होऊ नये म्हणून मी इकडून ओरडायचो, "मी इथेच आहे!" फिरायला येणाऱ्या बायकांना भारी मजा वाटायची. भैया, भाभीजी कुठे पळून नाही जाणार, म्हणायच्या. मीही हसायचो.

एक दिवस ती फेरी संपवून आली, कमरेवर हात ठेवून दम घेतला आणि म्हणाली, ओरडू नका ना, श्वासाचा ताल तुटतो. बरं, म्हटलं. त्यात काय एवढं. पण दुसऱ्या दिवशी ती टाकीमागे गेली आणि मी गप्प बसून राहिलो, तेव्हा मला तोंडावर हात दाबून बसल्यासारखं झालं.

पुढे तर सगळं भराभर होत गेलं. पंजाबी ड्रेस आला, बूट आले. एकदा मी सवयीनं म्हटलं की उद्या आवाज होणार आहेत, तर पोळी लाटता लाटता म्हणाली, होऊ द्या की. एका दुपारी मी ड्युटीवरून आलो तर घराला कुलूप. ती संध्याकाळी ऑटोतून उतरली, हातात पिशव्या. एकटी बड्या फुहाऱ्याला जाऊन आली होती! त्याच दुकानात गेली होती, मुद्दाम. मी त्या दिवशी खोव्याची जिलेबी आणून अख्ख्या लाइनीत वाटली. आनंदच होता तो. आजही म्हणतो, आनंदच होता.

तिचं बीएड झालेलं होतं, धूळ खात पडलं होतं. मझौलीच्या एका शाळेत तिला नोकरी लागली. रोज बसनं जाणं-येणं जड जातं म्हणून तिनं तिथेच खोली घेतली, शनिवारी यायची, सोमवारी पहाटे जायची. लोकांनी मला विचारलं, तुम्ही कसं काय पाठवलं? मी म्हणायचो, पाठवलं कुठे, तीच गेली. अभिमानानं म्हणायचो.

मग तो मटारच्या मोसमातला रविवार. तिनं तिकडून पिशवीभर शेंगा आणल्या होत्या. अंगणात उन्हात बसून आम्ही सोलत होतो. मी काहीतरी फॅक्टरीतलं सांगत होतो, कोण रिटायर झालं वगैरे. ती म्हणाली, मी आता तिकडेच राहीन म्हणते. मी विचारलं, शनिवारीसुद्धा क्लास घ्यायला लावतात का? तिनं मान हलवली. नाही.

तिचे हात सोलतच होते. म्हणाली, "भीती होती तोवर मला कळतच नव्हतं, की मला तुमच्याजवळ राहायचंय, की फक्त एकटीनं राहायचं नाहीये."

मी विचारलं, आता कळलं? ती म्हणाली, हो, आता कळलं.

मी चिडलो. माझा स्वभावच तसा, आधी चिडतो, मागून कळतं. म्हटलं, माझं चुकलं काय, ते तर सांग. दारू पितो? हात उचलला कधी? ती म्हणाली, काहीच चुकलं नाही, तुम्ही फार चांगले आहात. "मग चांगल्या माणसाला काहून सोडून राहिली?" असं मी विचारलं आणि माझा आवाज असा फुटला की शेजारच्या अंगणातलं कपडे धुणं थांबलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पण तिला घाम फुटला नाही, हात गार पडले नाहीत. तिनं माझा हात धरला तर नाहीच. किती वर्षं मी तिचा चेहरा असा रोज वाचत आलो होतो. तिला खरंच कशाची भीती उरली नव्हती, मी सुटून जाण्याचीसुद्धा. उरलेल्या सगळ्या शेंगा तिनं सोलल्या, दाणे पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवले आणि दुपारच्या बसनं गेली.

ते दाणे मी खाल्ले नाहीत. टाकलेही नाहीत.

उन्हाळ्यात मी शहरातल्या गढा भागात मिक्सर दुरुस्तीला टाकायला गेलो होतो. ऑटो गर्दीत अडकला, आणि माझ्या छातीत घोडा उधळला. हात गार, जीभ कोरडी. मला वाटलं, संपलो. पट्ट्या लावून काढलेला माझा कागदही स्वच्छ आला. इतकी वर्षं मी तिच्या शेजारी बसून म्हणत आलो होतो की मला समजतं, मला समजतं. मला काडीचंही समजलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं. एकटाच का आलो, हे त्यांनी विचारलं नाही. इलाज तो आपको मालूम है, एवढंच म्हणाल्या.

शेजाऱ्यांकडून तिला कळलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिचा फोन यायला लागला. अहो, आज गेला होतात का ग्राउंडवर? भरभर चाला, थांबू नका, धडधडलं तर धडधडू द्या, उतरतं. मी तिला सांगायचो तेच सगळं ती मला सांगायची, आणि किती मायेनं सांगायची! मी फोन कानाला घट्ट धरून बसायचो. नाही गेलो गं, म्हणायचो, उठवतच नाही. मग ती आणखी थोडा वेळ बोलायची, जेवलात का विचारायची.

खरं म्हणजे मी जात होतो. पहिल्या आठवड्यापासूनच जात होतो. गुडघ्यांना पट्टे बांधून चालायचो, मग थोडा पळायलाही लागलो. एक दिवस अख्खी फेरी मारून बाकाशी आलो आणि लक्षात आलं, या अख्ख्या फेरीत मला ती आठवली नव्हती. मी तिथेच मातीत बसलो आणि रडलो. असं बरं व्हायचं असेल तर मला नको होतं. पण शरीर कुठं ऐकतं? ते बरं होत गेलं. झोप लागायला लागली. ऑटोत बसता यायला लागलं. आणि रोज संध्याकाळी मी फोनवर आवाज बारीक करून सांगत राहिलो, की आजही छातीत कसंतरीच झालं.

परवा मी तसंच सांगितलं. ती म्हणाली, "तुमचा श्वास चांगला झालाय. मला ऐकू येतंय."

मी म्हटलं, कुठं गं.

तिला या बाबतीत फसवणं शक्य नव्हतं. रागावली नाही ती. बरं वाटलं मला, म्हणाली, खरंच बरं वाटलं, मला काळजी लागून राहिली होती. मग हळूच, एखाद्याच्या हातातून आपला हात काढून घ्यावा तसं विचारलं, "मग आता मी रोज फोन नाही केला तर चालेल ना?"

माझी छाती धडधडायला लागली. मी थांबलो, धडधड उतरू दिली. उतरली.

"चालेल," मी म्हटलं.