तापट आबा

आमच्या वडिलांचं, आबांचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत माझ्या धाकट्या भावाने त्यांचा पटका डोक्याला गुंडाळला, पेन्सिलीने मिशा काढल्या आणि मोबाइलसमोर ओरडायला सुरुवात केली. पेजचं नाव 'तापट आबा'. हा शिरोली एमआयडीसीत ऑफिसात बसतो, जन्मात कधी म्हशीखाली बसलेला नाही. आता म्हणे 'तापट आबा' छापलेले टी-शर्टही निघालेत.

आबा तापट होते, यात वाद नाही. आमच्याकडे संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशी आणून बांधतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि तो ग्लास तिथेच उभ्या उभ्या प्यायचा असतो. कुणी अर्धा ग्लास ठेवून निघालं की आबा खेकसायचे, "पावणं, दूध हाय ते, औषध न्हाय! तोंड कसलं वाकडं करताय?" माणूस गडबडीने ग्लास उचलायचा. मग आबा तो त्याच्या हातातून ओढून घ्यायचे आणि वरून आणखी एक धार मारायचे, चांगला फेस येईपर्यंत. त्या धारेसाठी लोक मुद्दाम बोलणी खायला यायचे.

व्हिडिओत ती धार नाही. भावाला विचारलं, तर म्हणाला, "दादा, लोक वरडण्यालाच हसत्यात. त्येच्याफुडं कोण बघत न्हाय. ब्रँड हाय की ह्यो आपला!"

ब्रँड! अर्धा बाप कापून टाकला आणि उरलेल्याला ब्रँड म्हणतो. मी त्याला नको नको ते बोललो. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि वर म्हणाला, "ह्येच क्यामेऱ्याम्होरं बोल की."

म्हशी आता मीच सांभाळतो. गेल्या आठवड्यात कट्ट्यावर धार काढत होतो, तेव्हा बाहेरगावचा एक जण मोबाइल धरून समोर उभा राहिला. "तुम्हीच का आबांचे थोरले चिरंजीव? जरा ओरडा ना त्यांच्यासारखं."

मी ग्लास भरला, वरून एक धार जास्तीची मारली आणि त्याच्यापुढे केला. त्याने हात मागे घेतला.

"दूध नको हो, मला पचत नाही. नुसतं ओरडा."

त्याला तिथून हाकलून लावावं, असा संताप आला. पण तोंड उघडलं असतं तर आवाज आबांचाच निघाला असता, आणि मोबाइल चालूच होता.